आंघोळ न केल्याचं प्रमाणपत्र

आमच्या साहेबांच्या खुर्चीमागे तीन फ्रेमा आहेत. एकीत गजानन महाराज, दुसरीत साहेबांचा सपत्नीक सत्कार आणि तिसरीत कलर प्रिंटरवर काढलेलं प्रमाणपत्र : ‘नेटवर्कच्या अखंड सेवेचे १००० दिवस’. खाली सही माझी आहे. सही केली तेव्हा इन्क्रिमेंटचे दिवस होते, एवढंच मी माझ्या बचावात सांगू शकतो.

अखंड सेवा म्हणजे काय, तर जिन्याखालच्या खोलीतला आमचा मुख्य नेटवर्क स्विच तेवढे दिवस एकदाही रीस्टार्ट झाला नाही. रीस्टार्ट झाला नाही, म्हणजेच त्याचं फर्मवेअर कुणी बदललं नाही. कारण ते बदललं की आमच्या स्विचला एकदा झोपवून उठवावंच लागतं. एखाद्या गृहस्थाने तीन वर्षं आंघोळ केली नाही म्हणून त्याला हार घालावा आणि शेजारच्या खुर्च्यांवरच्यांनी नाक दाबून टाळ्या वाजवाव्यात, तसला हा सोहळा. साहेबांना मी हे जरा सौम्य भाषेत सांगून पाहिलं. ते म्हणाले, “चालतंय ना? मग हात लावू नका.”

संस्थेच्या बोधचिन्हाखाली संस्कृतात काहीतरी वेगळंच लिहिलंय, पण आमचं खरं ब्रीदवाक्य हेच.

गंमत म्हणजे त्या स्विचला स्वतःलाच हे हजार दिवस ठाऊक नाहीत. देखरेखीचं सॉफ्टवेअर त्याला एसएनएमपीवरून विचारतं, “बाबा रे, कधीपासून जागा आहेस?” तो सेकंदाच्या शंभराव्या भागांत हिशेब ठेवतो आणि हिशेबाची वही ३२ बिटांची. ही वही ४९७ दिवस, २ तास आणि २७ मिनिटांनी भरते, की पुन्हा पान पहिलं, आकडा शून्य. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा साहेबांनी वॉचमनकडून लेखी खुलासा मागवला. वॉचमनने लिहून दिलं, की त्या रात्री आपण झोपलेलो असल्यामुळे आपल्या हातून स्विच बंद होणं शक्य नाही. खुलासा मान्य झाला, फाइलला लागला.

वह्या भरण्याचा हा रोग मोठमोठ्यांना आहे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोईंग ७८७ बद्दल आदेश काढला : सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर त्यातल्या वीजनियंत्रकांचा काउंटर भरतो आणि ते बंद पडू शकतात, तेव्हा ठरावीक मुदतीत विमानाची वीज बंद करून चालू करा. म्हणजे विमानालाही आंघोळ लागते. आमच्या स्विचची पारोशी अवस्था मात्र १,४१२ व्या दिवसापर्यंत पोचली होती आणि स्क्रीनवर आकडा होता ४१७, कारण त्याची वही तिसऱ्यांदा भरत आली होती.

ज्यांना स्विच म्हणजे पंख्याचं बटण वाटतं त्यांच्यासाठी थोडं. आमचा स्विच म्हणजे लोखंडी पेटारा. त्यात पोर्टांची कार्डं खोचलेली, प्रत्येकातून तारांचे झुबके बाहेर आलेले. कार्डं राबतात. त्यांच्यावर हुकूम चालवायला दोन मॅनेजमेंट मोड्यूल. त्यातलं एक कारभारी, दुसरं स्टँडबाय. दुसऱ्याला वीज पूर्ण, किंमत पूर्ण, काम शून्य. वरच्याचं काही बरंवाईट झालं तर खुर्ची आपलीच, या आशेवर त्याची हिरवी बत्ती वर्षानुवर्षं लुकलुकत असते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे पद समजावून सांगायला नको.

अट एकच. दोघांवरचं फर्मवेअर सारखं हवं. तसं असलं तर पहिल्याच्या डोक्यात जे चाललंय ते क्षणोक्षणी दुसऱ्याच्या डोक्यात उतरतं आणि सत्तांतर झालं तरी खाली कुणाला पत्ता लागत नाही. आमचं स्टँडबाय दोन वर्षांपूर्वी बिघडलं, वॉरंटीत नवं आलं आणि येताना पोटात नवी आवृत्ती घेऊन आलं. जुळवून कुणी घेतलं नाही. तेव्हापासून दोघंही एका घरात राहून बोलणं नसलेल्या जावांसारखे नांदत होते. कारभारी गेलाच असता, तर दुसरा डोळे चोळत पहिल्यापासून सगळं सुरू करणार. पण वार्षिक अहवालात ‘रिडंडन्सी : उपलब्ध’ असं ठळक अक्षरात छापून येत होतं. मोड्यूल दोन आहेत, हे तर दिसतच होतं.

फर्मवेअर हा शब्द अ‍ॅशर ऑपलर नावाच्या गृहस्थाने १९६७ मध्ये ‘डेटामेशन’ मासिकात घडवला. धड हार्ड नाही, धड सॉफ्ट नाही, असं मधलं काहीतरी. मला तो शब्द कळला तो ऑफिसमध्ये. इथे निर्णय सगळे त्याच जातीचे असतात.

तर स्विचला आंघोळ घालायची वेळ का आली? ऑडिटर आला. त्याने आवृत्तीचा क्रमांक पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला आणि तांबड्या शाईत शेरा मारला. मी साहेबांना एप्रिल २०१८ ची गोष्ट सांगितली. सिस्कोच्या स्विचेसमधल्या ‘स्मार्ट इन्स्टॉल’ नावाच्या सोयीत भोक सापडलं, कंपनीने पॅच दिला आणि आठवडा-दहा दिवसांत रशिया-इराणमधले हजारो स्विच कोरे होऊन त्यांच्या जागी अक्षरांनी काढलेला अमेरिकेचा झेंडा फडकू लागला. इराण सरकारनेच आकडा दिला : जगभरात सुमारे दोन लाख उपकरणं, त्यांच्याकडे साडेतीन हजार. पॅच आला तेव्हा तिकडे नवरोजच्या सुट्ट्या होत्या. साहेब सहानुभूतीने म्हणाले, “सणासुदीला कोण करणार हो हे?”

मग ऑडिटरनेच सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचून दाखवले : सायबर घटना कळल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते. आता साहेब हादरले. घटना घडण्याची त्यांना भीती नव्हती, सहा तासांची होती. आमच्याकडे पत्रावर जावक क्रमांक पडायलाच दीड दिवस लागतो.

अपग्रेड करायचं ठरलं. बसल्या जागी मला कळलं, की फर्मवेअर उतरवून घ्यायला कंपनीच्या साइटवर चालू सपोर्ट करार लागतो आणि आमचा करार मार्चमध्ये संपलाय. तीन कोटेशनं मागवली. एकच अधिकृत विक्रेता असल्यामुळे तिन्ही त्यानेच आणून दिली, वेगवेगळ्या लेटरहेडवर. फॉर्ममध्ये ‘रोलबॅक प्लॅन’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘बिघडल्यास जुन्या आवृत्तीवर परत येणे’. लेखा विभागातून शेरा आला : ‘परत येण्याचा प्रवासखर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा?’

नंतर तारखेचा घोळ. मार्चमध्ये वर्षअखेर. एप्रिलमध्ये ऑडिट. मेमध्ये सगळे गावाला. जूनमध्ये सगळे परत आल्यामुळे गर्दी. श्रावणात साहेबांचे उपास, त्यात ते चिडतात. गणपतीत प्रश्नच नाही. शेवटी मीच पितृपक्ष सुचवला. माझं आजही मत आहे, की मराठी माणसाच्या वर्षात मेंटेनन्ससाठी याहून उत्तम पंधरवडा नाही. कुणी काही विकत घेत नाही, कशाचं उद्घाटन नाही, फीत नाही, पाहुणे नाहीत. जो तो गप्प असतो. सर्वपित्रीच्या अमावास्येची रात्र मुक्रर झाली.

व्हेंडरचा पोरगा अकराला आला. आईने खिशात लिंबू दिलं होतं. ते रॅकवर ठेवू नकोस, पंखे आत ओढतात, एवढं मी सांगितलं. त्याने फिकट निळी कन्सोल केबल काढली. माझ्या लॅपटॉपला तिचं तोंड बसेना, म्हणून यूएसबीचं अ‍ॅडाप्टर लावलं. अ‍ॅडाप्टरला ड्रायव्हर लागत होता आणि ड्रायव्हर इंटरनेटवर होता. तो मोबाइलवरून उतरवला. स्क्रीनवर चिनी-ग्रीक भेळ उमटली. बॉड रेट ९६०० केल्यावर भेळेची अक्षरं झाली. बरोबर शिपाईमामा होते. ते आले तेच एक वीट घेऊन आणि ती दाराच्या फटीत सारून स्टुलावर बसले. मी विचारलं, “मामा, हे काय?” म्हणाले, “असू द्या.”

आता इमेज, म्हणजे फर्मवेअरची फाइल, चढवायची. विश्वासाचा प्रश्न आधी : फाइल खरी आहे ना, हे पाहायला कंपनी एमडी-फाइव्हचा ३२ अक्षरांचा ठसा देते, तो आपल्या फाइलशी ताडून पाहायचा. मी पहिली चार अक्षरं पाहिली, शेवटची चार पाहिली आणि ‘जुळतंय’ म्हणालो. या धंद्यातला प्रत्येक जण हेच करतो. मधली चोवीस देवावर.

फाइल ४७ एमबीची. पाठवायला टीएफटीपी. १९८१ चा हा प्रोटोकॉल. ना पासवर्ड, ना ओळख, जो मागेल त्याला देणारा. देण्याची पद्धत आजीची : ५१२ बाइटांचा एक घास भरवायचा, पोराने गिळून ‘हं’ म्हणेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. चिऊचा, काऊचा. फक्त घास मोजायला १६ बिट, म्हणजे ६५,५३५ घासांनंतर आजीचे आकडेच संपतात. माझ्या लॅपटॉपवरची आजी जुन्या वळणाची होती. बरोब्बर ३२ एमबीला ती थांबली. पोराचं तोंड उघडंच.

पोरगा म्हणाला, “सर, कन्सोलनेच एक्समोडेमवर पाठवू या का?” मी हिशेब केला. सेकंदाला जेमतेम ९६० बाइट. ४७ एमबीला १४ तास. तेवढ्यात पुण्याहून नागपूर गाठता येतं. शेवटी आकडे संपले की पुन्हा शून्यापासून मोजणारी नव्या वळणाची आजी सापडली आणि सव्वाला फाइल पोटात गेली.

कंपनीच्या गुळगुळीत माहितीपत्रकात म्हटलं होतं, की दोन मोड्यूल असली तर अपग्रेड होताना एक सेकंदही सेवा खंडित होत नाही. रिलीज नोट्समध्ये, पानांच्या त्या अरण्यात खूप आत, लिहिलं होतं, की हे फक्त जवळच्या आवृत्त्यांत. आमच्या दोन आवृत्त्यांत नात्याचंही अंतर नव्हतं. शिवाय आधी बूट रॉम बदलायचा, मग मधल्या आवृत्तीवर थांबायचं आणि मग हवी ती घ्यायची. थेट उडी मारायची नाही. मी रीलोडची कमांड टाइप केली. ‘नक्की?’ असं त्याने विचारलं. एंटर.

पेटाऱ्यातले सगळे पंखे एकदम पूर्ण वेगाने ओरडले आणि मग आवाज उतरला. बत्त्या विझल्या, पिवळ्या झाल्या. पिंगच्या खिडकीत ‘टाइम आउट’च्या ओळी एकाखाली एक. पोराचा हात खिशातल्या लिंबावर. तेवढ्यात दारातून ‘खट्’ असा आवाज आला आणि मला विटेचा अर्थ कळला.

दाराला कार्डाचं कुलूप आहे. त्याच्या कंट्रोलरला वीज मिळते नेटवर्कच्याच तारेतून, याच स्विचवरून. स्विच गेला, की कुलूप लागतं आणि आतून उघडायचं बटणही त्याच तारेवर. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं अख्खं जाळं आपल्याच एका मेंटेनन्सच्या आज्ञेने सहाएक तास झोपलं, तेव्हा तिथल्या लोकांची दार उघडायची कार्डंही चालेनात, हे मी वाचलं होतं. वाचून हसलो होतो. मामांनी वाचलं नव्हतं. ते १,४१२ दिवसांपूर्वी इथेच होते, एवढंच. “मागल्या टायमाला तुमच्या आधीचे साहेब आत राहिले होते,” मामा म्हणाले. “मी खिडकीतून चहा दिला.”

दोन वाजून दहा मिनिटांनी स्टँडबायने नव्या आवृत्तीवर कारभार हातात घेतला. अपरात्री खुर्ची बदलल्याचं आपल्या राज्यात कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. मग जुना कारभारी नव्या आवृत्तीवर उठून मुकाट्याने दुसऱ्या नंबरला बसला आणि दोन वर्षांनी दोन्ही मोड्यूलं एकमेकांशी बोलायला लागली. एकूण खंड ११ मिनिटांचा. त्या ११ मिनिटांत तक्रार एकच आली, गेटवरून. वॉचमन म्हणाला, “साहेब, वायफाय गेलं काय? पिच्चर अडकलाय.” तो जागा असल्याचा माझ्या माहितीतला हा पहिला पुरावा.

सोमवारी ऑफिस नेहमीसारखं भरलं. मेल आल्या, गेल्या. कुणाला काही कळलं नाही. दहाला साहेबांनी आत बोलावलं. समोर देखरेखीचा स्क्रीन होता, त्यावर ‘१ दिवस ८ तास’.

“अहो, हे काय? शुक्रवारी ४१७ होते.”

“अपग्रेड केला साहेब. तुमच्याच सहीने.”

“अपग्रेड केला ते ठीक. पण दिवस का कमी झाले?” त्यांनी मान वळवून मागच्या तिसऱ्या फ्रेमकडे पाहिलं. “ट्रस्टी येतात, विचारतात. एक खुलासा लिहून द्या.”

खुलासा लिहायला खाली आलो. वॉचमनचा जुना खुलासा नमुना म्हणून फाइलमधून काढला. मला तो वापरता येणार नव्हता, कारण मी जागा होतो. तेवढ्यात मेल आला. कंपनी कळवत होती, की शनिवारी आम्ही चढवलेल्या आवृत्तीत, क्वचित प्रसंगी, स्विच आपोआप रीस्टार्ट होऊ शकतो. सुधारित आवृत्ती पुढच्या महिन्यात.

जिन्याखाली मामा झाडत होते. “साहेब, ही वीट उचलू का आता?”

“राहू द्या मामा.”