पहिला किरण, तुकडी ब

सूर्याला एकूण किरण किती, हे मला सांगता येणार नाही. पण त्यांतले निदान चाळीस पहिले आहेत आणि त्यांतले बरेचसे आमच्या भागात राहतात.

बारशाचं निमंत्रण हल्ली व्हिडिओतून येतं. ढगातून एक करकोचा चोचीत गाठोडं धरून उतरतो. (करकोच्याने मूल आणल्याची नोंद आपल्या कुठल्याही पुराणात नाही, पण ते असो.) गाठोडं उलगडतं, सोनेरी अक्षरांत नाव उमटतं आणि नावाखाली, औषधाच्या बाटलीवर असतो तसा, बारीक टायपात मजकूर: शनाया. मूळ संस्कृत. अर्थ: सूर्याचा पहिला किरण. मागच्या पंधरवड्यात विवान आला होता, तोही सूर्याचा पहिला किरण. त्याआधीचा रेयांश, तोही तोच. नाव वेगळं, लिंग वेगळं, आईबाप वेगळे. किरण मात्र एकच आणि तो पहिलाच. दुसऱ्या किरणाचं बारसं अजून कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आता ‘मूळ संस्कृत’ हा शिक्का घ्या. शनायाच्या आसपास संस्कृतात कोण राहतं म्हणून पाहायला गेलं, तर दार उघडतो साक्षात शनी. शनी हा सूर्याचाच मुलगा, इथपर्यंत ठीक. पण या बापलेकांचं कधी पटलं नाही, हे पत्रिका दाखवायला जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. म्हणजे ज्या घरातून साडेसाती टळावी म्हणून दर शनिवारी मारुतीला तेल जातं, त्याच घरात शनीला पाळण्यात घालून वर झुंबर टांगलंय. आणि साडेसाती साडेसात वर्षांत आटोपते. आधार कार्ड जन्मभर पुरतं.

रेयांशवर मी बराच वेळ घालवला. ‘अंश’ कळला. तो संस्कृतच आहे, आणि हल्ली मुलग्यांच्या नावांना शेपटासारखा सर्रास जोडला जातो. पण पुढचा ‘रे’ कुठून आला? सारेगमतला म्हणावा तर तिथे सूर्याचा संबंध नाही. मग उजेड पडला. रे म्हणजे इंग्रजीतला किरण! पुढचा डबा लंडनचा, मागचा काशीचा, मध्ये कपलिंग मारलं, आणि गाडीवर पाटी ‘मूळ संस्कृत’. हे कुणी केलं असेल याचं चित्र मला स्पष्ट दिसतं. कुठल्याशा कचेरीत एका पोराला पाचशे नावांची यादी दिली असणार. ‘अर्थ’ हा रकाना भरल्याशिवाय यादी पुढे सरकत नसणार. सकाळी त्याने उत्साहाने ‘शूर’, ‘तेजस्वी’, ‘विष्णूचा अंश’ असं लिहिलं असेल. दुपारी जेवण झाल्यावर ‘सुंदर’, ‘वेगळी’, ‘देवाची भेट’. संध्याकाळी सहाची लोकल गाठायची होती, तेव्हा त्याने एकदाच टाइप केलं ‘सूर्याचा पहिला किरण’ आणि शेवटपर्यंत खाली ओढत नेलं.

गंमत अशी की किरणांच्या बाबतीत आपण मुळीच गरीब नाही. अमरकोशात एकट्या किरणासाठी दहाएक शब्द आहेत. मयूख घ्या, अंशू घ्या, रश्मी, मरीची, गभस्ती, दीधिती. दुर्मीळच हवं ना? ठेवा की गभस्ती! अख्ख्या तालुक्यात दुसरा सापडला तर माझं नाव बदला. पण नाही. ‘परदेशात उच्चार जमणार नाही.’ मूल अजून अठ्ठावीस दिवसांचं आहे, मान धरत नाही, पण कॅलिफोर्नियात त्याला कोण काय हाक मारणार याची बैठक झालेली आहे. बरं, मग सरळ ‘किरण’ ठेवा. मुलाला चालतं, मुलीला चालतं, कॅलिफोर्नियातही चालतं. इथे आईबापांचे चेहरे पडतात. किरण नावाचा अर्थ किरण असतो, हाच त्याचा दोष आहे. सगळ्यांना कळतो, त्यामुळे बारीक टायपाला काही कामच उरत नाही.

मी या पहिल्या किरणाचा थोडा पाठपुरावा केला. देशाच्या पूर्व टोकाला, अरुणाचलात, डोंग नावाचं छोटं गाव आहे. भारतातला सूर्योदय आधी तिथे, अशी त्याची ख्याती. तेव्हा कायद्याने पाहिलं तर पहिला किरण डोंगचा. तिथल्या लोकांनी आपल्या मुलींची नावं शनाया ठेवली, तर मी गप्प बसेन. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर हा मान गडचिरोली-गोंदियाचा. रेखांशाचा हिशेब मांडला तर मुंबईच्या अर्धा तास आधी तिकडे उजाडतं. म्हणजे जो किरण ठाण्यात किंवा कोथरूडमध्ये बाराव्या मजल्यावरच्या पाळण्यात येऊन पडतो, तो गडचिरोलीत अर्धा तास वापरलेला असतो. शिवाय तो सूर्यावरून निघून आठ मिनिटं होऊन गेलेली असतात, म्हणजे ताजा तर नाहीच. आणि खरी मेख पुढे आहे. हवेतून येताना प्रकाश वाकतो. किती, तर क्षितिजावर साधारण अर्धा अंश, आणि सूर्याची थाळीही तेवढीच रुंद. त्यामुळे सूर्य उगवताना आपल्याला दिसतो, तेव्हा तो प्रत्यक्षात क्षितिजाच्या खालीच असतो. पहिला किरण म्हणून आपण ज्याला हात जोडतो, तो अजून न उगवलेल्या सूर्याचा भास आहे. एवढ्या एका बाबतीत मात्र यादी करणारा पोरगा शास्त्राला धरून आहे: अर्थ दिसतो, पण तिथे नसतो. आणि किरणांचा एवढाच उमाळा असेल, तर कोल्हापूरला जा. महालक्ष्मीच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस किरण पायांपासून मुखापर्यंत चढावेत म्हणून लोक श्वास रोखून उभे असतात, वाटेत कुणाचा मजला आडवा येतो यावर वर्षानुवर्षं वाद होतात. पण ते किरण मावळतीचे आहेत. मावळतीच्या किरणावरून मुलीचं नाव ठेवा म्हटलं तर लोक मला बारशाच्या हॉलमधून बाहेर काढतील, आणि जेवण अजून व्हायचं असतं.

दुर्मीळपणाचं काय होतं, तेही पाहा. ‘शंभर दुर्मीळ नावं’ ही यादी लाखो लोक वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं, ती फक्त आपल्याच फोनवर आली आहे. चार वर्षांनी ज्युनियर केजीत बाई हजेरी घेतात: शनाया के., शनाया पी., शनाया एस. आमच्या वर्गातही तीन सुनील होते. एक उंच सुनील, एक डॉक्टरांचा सुनील आणि एक नुसताच सुनील. पण त्यांच्या आईवडिलांनी सूर्यमालेतलं काही आपल्या नावावर केल्याचा दावा केला नव्हता. शेजाऱ्याचा होता, चांगला वाटला, ठेवला. आता शनाया पी.च्या आईला शनाया के.च्या आईचा राग येतो. तिने म्हणे नाव चोरलं. मग अंकशास्त्रवाल्याकडे जाऊन इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए वाढवतात. पुढे एच. त्या एचचा उच्चार करायचा नसतो, तो फक्त भाग्यासाठी असतो. पंचांगात निदान तडजोड होती: नक्षत्रांच्या 108 चरणांना अक्षरं नेमून दिलेली, त्यात आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला चक्क ‘ङ’ येतो, तर गुरुजी हसून म्हणायचे, ‘ग’ घ्या. अंकशास्त्रवाला हसत नाही. तो फी घेतो.

आणि या सगळ्या दुर्मीळ नावांत ‘ळ’ कुठे आहे? शोधून दाखवा. गोपाळ गेला, विमळ गेली, मंगळा, कमळा, निर्मळा सगळ्या गेल्या. अ, य, श, न, र, व एवढ्या मऊ अक्षरांत सगळं उरकायचं. ठ नको, ढ नको, झ नको. आमच्या तोंडात निम्मी वर्णमाला पडून आहे, आणि पोरांची नावं ठेवायची ती इंग्रजी की-बोर्डला दुखू नये अशी. आजीला नातवाचं नाव कागदावर लिहून द्यावं लागतं. ती ‘रेशन’ म्हणते, सगळे हसतात. मला हसू येत नाही. तिच्या घरात धोंडू होता, भिका होता, दगडू होता. आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून पुढच्याला असं नाव द्यायचे की मृत्यूने पाहिलं तरी घ्यावंसं वाटू नये. त्या नावाचा अर्थ गावात कुणाला विचारावा लागत नव्हता. आणि नकुशीचा अर्थ? तोही लागत नव्हता. मुलगी झाली, परत मुलगीच झाली, नको होती, ठेवा नकुशी. हे आजीच्या काळातलं म्हणून सोडून देता येत नाही. 2011 साली साताऱ्यात अडीचशेहून जास्त नकुशींची नावं सरकारी समारंभात बदलावी लागली. शाळकरी पोरी होत्या त्यात. दर हजेरीला उभं राहून ‘नको असलेली हजर’ असं सांगत होत्या. नवं नाव निवडा म्हटल्यावर त्यांतल्या काहींनी वैशालीसारखी नावं घेतली, चारचौघींत सहज मिसळून जातील अशी. दुर्मीळ असणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा. त्या करकोच्याला विचारू नका.

जाऊ दे. कायदा तसा दयाळू आहे. जन्माची नोंद लगेच करावी लागते, पण नाव वर्षभरात विनाशुल्क भरता येतं आणि विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. तोवर रकाना कोरा ठेवा, मूलच सांगेल काय हवं ते. पण कोरा रकाना व्हिडिओत शोभत नाही. शिवाय ईमेल पत्ता पाचव्या महिन्यातच काढून ठेवलेला असतो.

माझं खरं दुखणं आत्याचं आहे. नाव ठेवणं हा आत्याचा हक्क. पारस्कर गृह्यसूत्र हे काम बापाकडे देतं आणि मुलीचं नाव विषम अक्षरांचं, आकारान्त असावं म्हणतं (शनाया तीन अक्षरी आणि आकारान्त, त्या परीक्षेत पास आहे हो!). पण आपल्याकडे सूत्रं बाजूला सारून बायकांनी ते आत्याकडे ओढून घेतलं. बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, ‘कुर्रर्र’ करायचं, पाठीत धपाटे खात नाव सांगायचं, आणि मग ते जगाला कळायचं. आता जगाला आधी कळतं, आत्याला कुटुंबाच्या ग्रुपवर. बारशाच्या दिवशी फोटोग्राफर तिला म्हणतो, मावशी, थोडं डावीकडे, कुर्र परत करा, ओठ दिसले नाहीत. तीनदा कुर्र करवून घेतात. मागे डीजे चालू असतो, गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणणाऱ्या बायकांचा आवाज त्यात कधीच बुडालेला असतो.

अशाच एका आत्याबाईंना मी परवा विचारलं, इतक्या गोंगाटात बाळाला ऐकू तरी गेलं का? त्या म्हणाल्या, बाळाचं माहीत नाही, पण मी काय सांगितलं ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही, हे नक्की. मग इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, ‘मंगळा सांगितलं मी. माझ्या आईचं.’