गवती चहाचे लोणावळ्यातले चाळे

कलियुग नक्की कुठल्या वाटेनं आलं, याचा पत्ता अखेर लागला. एक्सप्रेस-वेनं आलं, रीतसर टोल भरला आणि लोणावळ्याला उतरलं. पुरावा हवा असेल तर कुठल्याही नव्या कॅफेत बसा. काचेची किटली येते. आत गरम पाण्यात दोन हिरव्या पाती ताठ उभ्या, शेजारी मधाची बोटभर वाटी आणि मागोमाग तीन आकडी बिल. दूध नाही, साखर नाही, अहो चहाची पावडरसुद्धा नाही! विचारलं तर सांगतात, ‘डिटॉक्स’ आहे. पवनेच्या काठावरच्या तंबूंपासून टायगर पॉइंटच्या वाटेपर्यंत सगळीकडे हेच थेर.

आणि ही महाराणी कोण? तर आपला गवती चहा! मावळात ज्याची जागा मोरीचं पाणी जातं तिथे, तोच. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात त्याला कोणी कधी विचारून वाढवलं नाही. हवा तेव्हा परसात जायचं, कात्रीनं दोन पाती कापायच्या. हातानं ओढाल तर ब्लेड लागल्यासारखं बोट चिरतं, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पातींची गाठ मारायची, ठेचलेल्या आल्याबरोबर पाण्यात टाकायची, पाण्याला रंग आला की पावडर, साखर आणि सगळ्यात शेवटी दूध. आलं कच्चं असताना दूध घातलंत, तर चहा फाटला म्हणून समजा.

पण खानदान साधं नाही हं! याचा भाऊ म्हणजे खानदेशातलं रोशा गवत. एकोणिसाव्या शतकात त्याचं तेल मुंबईहून तुर्कस्तानकडे जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला लागायचं. लोक गुलाब म्हणून हुंगायचे खानदेशचं गवत! आमच्या या स्वारीचेही रंग कमी नाहीत. लिंबाच्या सालीच्या तेलात लिंबाचा वास देणारं सिट्राल जेमतेम २ ते ५ टक्के; याच्या तेलात सुमारे ७० ते ८०. म्हणजे लिंबानं याच्याकडे शिकवणी लावावी. १८९३ साली जर्मनीत टीमान आणि क्रूगर या दोघांनी याच सिट्रालपासून आयोनोन बनवलं, आणि व्हायोलेट फुलांचा महागडा वास अत्तरवाल्यांना फुलांवाचून मिळायला लागला. मोरीजवळ राहून फ्रेंच मडमांच्या रुमालापर्यंत मजल! आणि आम्ही समजत होतो, स्वभावानं गरीब आहे.

गुणांबद्दलही घराघरांत मतभेद. एक आजी म्हणते, दारात लावा, वासानं साप फिरकत नाही. दुसरी म्हणते, दारात मुळीच नको, गच्च गड्ड्यात साप बसतो. साप बिचारा दोन्हीकडून बदनाम. सर्दी-तापावर मात्र दोघींचं एकमत: गवती चहा, आलं, तुळस, गूळ यांचा कढत काढा प्यायचा आणि गोधडीत शिरून घाम काढायचा. रिसॉर्टवाल्यांनी गोधडी काढली, योगाची चटई अंथरली, झालं डिटॉक्स!

त्यातून या हॉटेलवाल्यांची आणखी एक तऱ्हा. थाई सूपसाठी म्हणे याचा खालचा पांढरा दांडा लागतो, आणि पाती चालल्या कचऱ्यात! आम्ही पिढ्यानपिढ्या पाती उकळल्या आणि दांडा जमिनीत ठेवला, म्हणून तर गड्डा दर पावसाळ्यात फुटत राहिला. खायचं ते खा बाबांनो, पण पाती निदान बाहेरच्या टपरीवर तरी द्या.

पण खरा कहर पुढेच आहे. नर्सऱ्यांमध्ये गवती चहा आता कुंडीत विकायला आहे! ठोंब कधी कोणी विकला होता का? तो कुंपणावरून मागायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा, आणि आपला गड्डा माजला की तिसऱ्याला द्यायचा. शनिवार-रविवारपुरते उघडणारे एक बंगलेवाले अशी कुंडी मोठ्या कौतुकानं गाडीतून घेऊन आले. कुंडी उतरवून घेणाऱ्या माळ्याच्या घरामागे हाच गड्डा कमरेएवढा वाढलाय. तो बोलला काहीच नाही. पण गल्लीत संध्याकाळपर्यंत बातमी पोचली होती: बंगलेवाल्यांचं कोणाशी पटत नाही वाटतं, गवती चहासुद्धा विकत आणतात!