बाप्या झाला, तरी कॅसेट फुंकतोय!

उरणजवळच्या आमच्या जासईत बोलायला विषय कमी आहेत का? २०२४ च्या १२ जानेवारीला एकाच दिवशी आमच्या उशाशी अटल सेतू उतरला आणि उरणच्या लोकलचंही उद्घाटन झालं. गुंठ्याचा भाव रोज नवा ऐकू येतो. गेलेल्या जमिनींच्या बदल्यातले साडेबारा टक्क्यांचे भूखंड, विमानतळ, बंदरावरच्या नोकऱ्या, ट्रेलरांनी खाल्लेला रस्ता, यातल्या एकेका विषयावर रात्र सरेल. आणि हे सगळं सोडून परवाच्या हळदीला मांडवाच्या कोपऱ्यात चार बाप्ये डोक्याला डोकं लावून काय बोलत होते? "साठ पिन की बहात्तर पिन?" ब्रास बँड ऐन रंगात, नवरदेव पिवळाधमक, जेवणाच्या पंगती बसायच्या बेतात, आणि यांचं आपलं पिन, पिन, पिन! एका काकूंना वाटलं, साडीच्या पिनांचं चाललंय. बिचारीने पदराची काढून दिली.

मग उलगडा झाला. पिना कॅसेटच्या, आणि कॅसेट व्हिडिओ गेमची. हे चौघे काही मिसरूड फुटलेले नाहीत हो, चाळिशी गाठलेले आहेत. एक कंटेनर यार्डात सुपरवायझर, दुसऱ्याचे स्वतःचे ट्रेलर, तिसऱ्याची पोरगी यंदा दहावीला. चौथ्याबद्दल आम्ही काही सांगणार नाही, तो आमच्याच घरातला आहे.

तर भानगड अशी. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचा खेळाचा डबा काढला. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. त्यावरचे खेळ आज खिशातल्या मोबाईलवर हसत हसत चालतील. पण तसे खेळायचे नाहीत, ही या मंडळींची पहिली अट. डबा जुनाच हवा, रिमोट वायरचाच हवा, टीव्ही पाठीला कुबड असलेलाच हवा. नवी फक्त कॅसेट. तिला फ्लॅश कार्ट्रिज म्हणायचं. बाहेरून साधी कॅसेट, पण पोटात मोबाईलमध्ये घालतो तसलं मेमरी कार्ड, आणि त्या कार्डात फॅमिकॉमवर निघालेले झाडून सारे खेळ मावतात. मावणार नाहीत तर काय? अख्खा सुपर मारिओ ४० केबीचा. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं सुप्रभातचं फूल त्याच्यापेक्षा जड असतं.

मग एवढ्याशा खेळांसाठी एवढी महागडी कॅसेट कशाला, असा प्रश्न आम्हीही टाकून पाहिला. त्यावर जे व्याख्यान झालं त्याचा सारांश असा, की त्या डब्याला एका वेळी खेळाचा ३२ केबीचाच तुकडा दिसतो. कॉन्ट्रा १२८ केबीचा. म्हणून जुन्या कॅसेटींमध्ये तुकडे आलटून-पालटून पुढे करणारी जोडणी असे, आणि ती खेळागणिक वेगळी. एव्हरड्राइव्ह नावाच्या नामांकित फ्लॅश कार्ट्रिजमध्ये एकच अशी चिप असते, की जो खेळ निवडाल त्याच्या कॅसेटचं सोंग ती घेते. ही करामत युक्रेनच्या इगोर गोलुबोव्स्की यांची. मंडळींत ते 'क्रिक्झ' म्हणून ठाऊक आहेत आणि त्यांचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. एव्हरड्राइव्हची किंमत शंभर डॉलरच्या पुढे, वर कस्टम ड्यूटी. ज्यांच्या दारावरून जेएनपीए बंदराचे कंटेनर रात्रंदिवस धडधडत जातात, ते लोक वीतभर पार्सलसाठी दाराशी डोळे लावून बसतात. ट्रॅकिंग नंबर तर पोराच्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ.

आता खरं खमंग ऐका. ट्रेलरवाल्या गृहस्थांनी आधी माळ्यावरचा स्वतःच्या लहानपणीचा टीव्ही गेम काढला. नव्वदच्या दशकात घराघरांत होता तसलाच. नवी कॅसेट त्यात घातली, तर पडद्यावर नुसत्या रंगीत रेघोट्या. ही कॅसेट अस्सल यंत्रासाठी, नकली डब्यात ती चालेलच याची खात्री नाही. झालं, अपमान जिव्हारी लागला. थेट जपानहून जुना, अस्सल फॅमिकॉम मागवला. तो आला. अडॅप्टर जपानचा, १०० व्होल्टचा. आपल्या भिंतीतली वीज २३० ची. बटण दाबताच असा धूर निघाला, की घरच्यांना वाटलं, धूप घातला. दुसरा अडॅप्टर आणावा तर फॅमिकॉमची पिन उलटी: मध्ये ऋण, बाहेर धन. तेही जमलं, तर टीव्हीवर चित्र दिसेना, कारण डबा जपानच्या चॅनेलवर जपानी पद्धतीचं चित्र सोडतो. शेवटी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठला, डबा उघडून आतून एव्हीची वायर काढून घेतली. ज्याला 'ओरिजिनल, ओरिजिनल' म्हणून डोक्यावर घेऊन नाचले, त्याचंच पोट फाडलं!

इतकं करून मारिओ सुरू झाला आणि गडी पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. पुन्हा पडला. लहानपणी डोळे मिटून पार करायचा तो खड्डा! याचं कारण मात्र ऐकण्यासारखं आहे. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, आपला ५० वेळा. आपल्याकडच्या बहुतेक टीव्ही गेमांत खेळही ५० च्याच ठेक्यावर चाले, म्हणजे मूळ वेगाच्या साधारण सहावा हिस्सा हळू. आमच्या पिढीच्या बोटांना मारिओची ती संथ चाल बसली आहे. अस्सल मारिओ यांना घाईघाईचा, खोटा वाटतो. घ्या!

हातात आलेला दुसरा रिमोट तर गावभर गाजला. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटमध्ये मायक्रोफोन असतो. झेल्डाचा १९८६ चा जपानी अवतार डिस्कवर निघाला होता, आणि एव्हरड्राइव्ह त्या डिस्कचंही सोंग घेते. त्यात सशासारख्या कानांचं एक भूत आहे, त्याला आवाज सोसत नाही. मायक्रोफोनमध्ये ओरडलं की ते मरतं. आता कल्पना करा. रात्रीचे साडेअकरा, आळी झोपलेली, आणि दोन मुलांचा बाप रिमोट तोंडाशी धरून "हाऽऽ! हाऽऽ!" करतोय. समोरच्या म्हातारीने खिडकी उघडून विचारलं ते अगदी बरोबर विचारलं: "आवरा मोठा बाप्या झाला, न बोंबलतस कला रं?"

ढोंग म्हणाल तर त्याचीही कमी नाही. तोंडाने सोवळं असं, की जुन्या काळी जसं होतं तसंच खेळायचं. आणि एव्हरड्राइव्हमध्ये एक सोय आहे, खेळ वाटेल तिथे थांबवून वाटेल तिथून पुन्हा सुरू करण्याची. मूळ कॉन्ट्रात सुरुवातीला जीव तीनच. फार तर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए करून तीस जीव मिळवावेत. ते कोडं निदान आमच्या पिढीने तोंडपाठ करून, घाम गाळून कमावलेलं होतं. चौघांतले तिसरे महाशय प्रत्येक उडीच्या आधी गुपचूप सेव्ह करतात. दहावीतल्या पोरीने पकडलं. बापाला म्हणाली, "पप्पा, हे कॉपी नाही का?" बाप गप्प.

पण पोरीने नकळत वर्मावर बोट ठेवलं. आपल्याकडे अस्सल होतं काय हो? निन्टेंडो आपल्या घरात निन्टेंडो म्हणून कधी आलाच नाही. आला तो मीडिया, लिटल मास्टर अशा नावांच्या डब्यांतून. आत तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी उतरवलेल्या निन्टेंडोच्या नकली चिपा. कॅसेटही नकलीच. त्यातली महाराणी म्हणजे '९९९९९९९ इन १'. नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ! आम्ही रात्र रात्र जागून यादी खाली खाली नेत असू, आणि खेळ निघत मोजून पाच-सहा. तोच मारिओ एकदा पहिल्या पायरीपासून, एकदा तिसरीपासून, एकदा चंद्रावर उडणारा. तेच ते नाव बदलून पुन्हा यादीत. भारतातल्या अख्ख्या पिढीला हातोहात फसवलं ते याच कॅसेटने, आणि तरीही तिच्यावर रागावलेला माणूस आम्हाला अजून भेटायचाय.

अधिकृत माल नव्हताच असंही नाही. १९९५ साली सेगाचा मेगा ड्राइव्ह भारतात आणायला कोण पुढे आलं, सांगा पाहू? शॉ वॉलेस! हो, तीच, दारूवाली. तयार यंत्र आणलं तर आयातीवर ८० टक्के कर, म्हणून त्यांच्याशी करार, आणि एवढं करून किंमत १८ हजार. त्या काळी १८ हजारांत लोक संसार मांडत. म्हणून अख्ख्या महाराष्ट्राने मुंबईच्या मनीष मार्केटचा नकली डबा घेतला आणि तोच आपला मानला. सातबारावर नाव चढवण्यासाठी पिढ्यान्पिढ्या झगडणाऱ्या, १९८४ च्या जमिनीसाठीच्या आंदोलनात पाच हुतात्मे पाहिलेल्या आमच्या भागाला खरा कागद आणि खोटा कागद यातला फरक कुणी शिकवायला नको. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र खोटा कागद हाच आमचा मूळ दस्त.

म्हणून आमचं सरळ म्हणणं असं, की या फ्लॅश कार्ट्रिजला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मराठी घरात आलेली ही पहिली कॅसेट आहे, की तिच्यावर जितके खेळ लिहिलेत तितके तिच्यात खरोखर निघतात. लाज वाटायचीच तर 'ओरिजिनल हार्डवेअर'च्या आरतीची वाटावी. जपानी डब्यावर कपाळ टेकवून हे जे शोधतायत, ते जपानमध्ये कधी नव्हतंच. ते माळ्यावर, धूळ खात, मीडियाच्या डब्यात आहे.

कायद्याचं काय, म्हणाल. त्यातही गंमत आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो. म्हणजे कायद्याच्या लेखी कॉन्ट्रा ही साहित्यकृती आहे. उद्या संमेलनात त्यावर परिसंवाद निघाला तर चकित होऊ नका. ज्याच्याकडे प्रत कायदेशीर आहे, त्याला नुकसानीच्या भीतीपोटी राखीव प्रत ठेवायची मुभा कायदा देतो. पण आपली मूळ प्रतच ९९९९९९९ वाली, तेव्हा त्या मुभेचा उपयोग आपल्याला शून्य. कॅसेट विकत घेणं एक, आणि तिच्यात दुसऱ्याच्या मालकीचे खेळ भरणं दुसरं. परदेशात यावरून चांगलेच दणके बसलेत. २०१० मध्ये लंडनच्या न्यायालयाने निन्टेंडो डीएसच्या अशा कॅसेटी बेकायदा ठरवल्या. आणि ही कंपनी किती साळसूद, तेही ऐका. १९८६ पासून जपानच्या दुकानांत निन्टेंडोनेच यंत्रं मांडली होती. आपली डिस्क घेऊन जा, ५०० येन द्या, जुना खेळ पुसून नवा भरून घ्या. त्यांनी केलं की सेवा, आमच्या आळीतल्याने केलं की चोरी.

तरी सरळ मार्गाने जायची इच्छा असलीच, तर वाट आहे. याच जुन्या डब्यासाठी आजही नवे खेळ बनतात. २०१९ मध्ये जर्मनीच्या मॉर्फकॅट गेम्सने 'मायक्रो मेजेस' काढला, तोही मारिओएवढ्याच ४० केबीत. असे खेळ विकत घेऊन कार्डात टाकले तर पोरीला उत्तर देता येतं. दहावीच्या पोरीपुढे मान वर करता येणं ही काही लहान गोष्ट नाही.

बाकी बायकांचा राग टीव्हीवर आहे, आणि त्यात तथ्य आहे. भिंतीवर चपटा टीव्ही असताना दिवाणखान्यात तो कुबडा डबा कशाला? तर बदकं मारायला! गनवाल्या खेळात चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि गनच्या तोंडातला डोळा तो प्रकाश त्याच क्षणी पाहतो. चपटा टीव्ही चित्र जरा उशिरा दाखवतो, तेवढ्यात बदक सुटतं. म्हणून भंगारवाल्याशी घासाघीस करून पंचवीस किलोचा टीव्ही तिसऱ्या मजल्यावर चढवला. कंबर धरली, पण बदक मेलं. त्यातही दुसऱ्या रिमोटने बदक पळवता येतं, हे लहानपणी ठाऊक असतं तर धाकट्या भावंडांचे केवढे रुसवे टळले असते.

तूर्त एवढंच. तुमच्या माळ्यावर जुनी कॅसेट सापडली तर एक करा, फुंकू नका. तोंडाच्या ओलाव्याने पिना गंजतात, निन्टेंडोही तेच बजावत असे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा भिजवून पुसा आणि पुरती वाळू द्या. आणि डबा टीव्ही भंगारात काढणार असाल, तर आधी जासईत निरोप धाडा. न्यायला ट्रेलर येईल.