राजीनाम्याचा शुभारंभाचा प्रयोग

दर महिन्याच्या अखेरच्या शुक्रवारी लिंक्डइनवर एक वाङ्मयप्रकार बहरतो. त्याचं नाव राजीनामा. पूर्वी राजीनामा दोन ओळींचा असे, 'घरगुती अडचणींमुळे' एवढ्यावर भागत असे आणि त्याला वाचक एकच असे. आता तो आठशे शब्दांचा असतो. प्रत्येक वाक्याला स्वतंत्र परिच्छेद, सोबत टेबलावर काढून ठेवलेल्या ओळखपत्राचा फोटो. कथानक ठरलेलं: इतकी वर्षं एक्सेलच्या चौकटींत घालवली, आतून रिकामं वाटत होतं, मग एका रविवारी रेझिनचा पहिला ट्रे ओतला आणि स्वतःची स्वतःशी भेट झाली. खाली शे-दीडशे जण 'प्रेरणादायी' असं लिहितात आणि सोमवारी नऊच्या मीटिंगला हजर होतात.

पुण्यात ही साथ हिंजवडीत सगळ्यांत जोरात आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या फेज थ्रीपासून वाकडच्या पुलापर्यंत संध्याकाळी गाडी ज्या गतीने सरकते, त्या गतीत माणसाला आयुष्याचा विचार करण्यावाचून गत्यंतर नसतं. आत्मज्ञानासाठी पूर्वी वनात जावं लागे, आता पहिल्या गिअरमध्ये तासभर बसलं तरी होतं. मग कुणी मंडला काढतो, कुणी मोडीतून कॅलिग्राफी करतो, कुणी स्टँडअपच्या ओपन माइकला जाऊन आपल्याच मॅनेजरवरचे विनोद आपल्याच मॅनेजरसमोर करतो, कारण तोही त्याच ओपन माइकला आलेला असतो. शेतीला जसा कोंबड्यांचा, तसा कोडिंगला पॉडकास्टचा जोडधंदा आता रूढ झाला आहे.

कंपन्यांना हे फार लागलं. ऑगस्ट २०२२मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी नोकरी सांभाळून दुसरं काम करणं, म्हणजे मूनलाइटिंग, ही सरळसरळ फसवणूक असल्याचं ट्विटरवर जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात विप्रोने ३०० जणांना घरी पाठवल्याचं त्यांनी सांगितलं. ते ३०० जण प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होते, रेझिन ओतत नव्हते, पण भीती रेझिनवाल्यांपर्यंत पोचायची ती पोचली. इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना मेल पाठवून बजावलं की दुहेरी आयुष्य चालणार नाही. महिन्याभरात तिथेच थोडी माया दाटून आली: वरिष्ठांची आगाऊ परवानगी असेल आणि कंपनीच्या हिताला बाधा येत नसेल, तर बाहेरचं काम करायला हरकत नाही. म्हणजे मंडला काढायचा तर आधी अर्ज.

दुहेरी आयुष्याची ही भीती पडद्यावर फार आधी येऊन गेली आहे. हृषिकेश मुखर्जींच्या १९७९च्या 'गोलमाल'मधला रामप्रसाद ऑफिसला थाप मारून हॉकीचा सामना बघायला जातो, साहेबाला दिसतो आणि नोकरी वाचवायला एक जुळा भाऊ जन्माला घालतो. मग खोटी मिशी लावून साहेबाचे हिशेब आणि मिशी काढून त्याच साहेबाच्या मुलीला गाण्याची शिकवणी. एकच मालक, दोन पगार, त्यातला एक कलेचा! आजच्या कुठल्याही मनुष्यबळ विभागाने ही केस प्रशिक्षणात दाखवायला हवी. त्यात रामप्रसाद झालेले अमोल पालेकर स्वतः बँक ऑफ इंडियात कारकुनी करून नाटकं करत आले होते. बँक सोडून सिनेमात गेलेल्या या गृहस्थाला सिनेमाने काय दिलं? 'रजनीगंधा'त ऑफिस, 'छोटी सी बात'मध्ये ऑफिस, 'गोलमाल'मध्ये ऑफिस. खुर्ची सुटली नाही, फक्त प्रकाशयोजना सुधारली.

पालेकर एकटे नव्हते. अशोक सराफ यांनी स्टेट बँकेत नोकरी करत रंगभूमी गाजवली. वपु काळे मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते, दिवसा पालिकेचे नकाशे आणि बाकीच्या वेळात मध्यमवर्गाच्या संसारांचे. आणखी मागे जायचं तर अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावला रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. सारा-महसुलाच्या कागदांत बसलेल्या या माणसाने ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले आणि महाराष्ट्राला पुढची पन्नास वर्षं पुरेल इतकं नाट्यसंगीताचं वेड लावलं. त्यांनी कमिशनरकडे आगाऊ परवानगीचा अर्ज केल्याचं कुठे वाचनात नाही.

प्रस्तुत सदरलेखकाचं मत असं, की मराठी कलेचा सगळ्यांत मोठा आश्रयदाता कुणी संस्थानिक नव्हता. तो होता पाच-साडेपाचला सुटणारं ऑफिस. तिथे काम कंटाळवाणं असे, साहेब खडूस असे, पंखा किरकिर करत असे, पण पगार एक तारखेला होई आणि संध्याकाळ आपली असे. त्या संध्याकाळीवर राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी संघांच्या पिढ्या पोसल्या. तालमीसाठी अर्धा तास आधी निघायचं असलं तर शेजारच्या टेबलावरचा सांभाळून घेई. बदल्यात त्याला पास मिळत.

आता ती संध्याकाळच गहाण मागितली जाते आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. कुठे? एका पॉडकास्टवर. जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी बोली ९० तासांवर नेली, रविवारी कामाला बोलावता येत नाही याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहणार, असा प्रश्न टाकला. हिशेब सोपा आहे. आठवड्याचे तास १६८. त्यातून ९० गेले, उरले ७८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले, उरले २९. त्यात आंघोळ, जेवण, दूधवाल्याचं बिल, मुलाची शाळा आणि वाकडचा पूल. रेझिन सुकायलाच चोवीस तास लागतात.

अशा परिस्थितीत 'नोकरी सोडून कलेकडे' ही मोहीम निघणं स्वाभाविक आहे. मोहिमेचे पुरस्कर्ते हटकून अमीश त्रिपाठींचा दाखला देतात. आयआयएम, मग आर्थिक क्षेत्रातली चौदा वर्षं, फावल्या वेळात लिहिलेलं मेलुहावरचं पुस्तक, प्रकाशकांचे नकार, २०१०मध्ये प्रसिद्धी आणि मग तुफान खप. या दाखल्यातला एक तपशील मात्र मोहिमेच्या भाषणांतून गळतो. त्यांनी नोकरी सोडली ती मानधनाचा चेक पगाराच्या चेकपेक्षा मोठा झाल्यावर. हा आतल्या आवाजाचा निर्णय नव्हता, बेरीज-वजाबाकीचा होता, आणि बँकवाल्याला तो शोभून दिसला.

तिकडे लंडनमध्ये कवी टी. एस. एलियट १९१७पासून लॉइड्स बँकेत बसत होते. एवढा मोठा कवी परदेशी हुंड्यांत गुंतलाय हे एझरा पाउंडला बघवेना. त्याने १९२२मध्ये वर्गणी सुरू केली: तीस माणसांनी वर्षाला दहा-दहा पौंड द्यावेत आणि कवीला बँकेतून सोडवावं. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळांना ही योजना लगेच कळेल. ज्याला सोडवायचं तोच मात्र अवघडून गेला. शेवटी १९२५मध्ये एलियट बँकेतून सुटले आणि थेट एका प्रकाशनसंस्थेच्या ऑफिसात जाऊन बसले, ते जन्मभर. अमेरिकेतले कवी वॉलेस स्टीव्हन्स तर विमा कंपनीचे उपाध्यक्ष होते. हार्वर्डने व्याख्यानांसाठी बोलावलं तेव्हा नोकरी सोडावी लागेल म्हणून त्यांनी हार्वर्डलाच नकार कळवला.

इकडे राजीनामा दिलेल्याचं पुढे काय होतं ते लिंक्डइनवर येत नाही. बँकेत गृहकर्जाला गेलं की नोकरदाराला तीन पगारपत्रकं पुरतात, कलावंताकडे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. गिऱ्हाईक 'एक छोटासा बदल' सांगतं आणि पैशाचं विचारलं की त्याच्या अकाउंट्सवाल्या मॅडम रजेवर असतात. लग्नाच्या बैठकीत 'मुलगा काय करतो' याला 'कंटेंट' हे उत्तर दिलं की मुलीचे काका 'कसला?' असं विचारतात आणि त्यानंतरची शांतता चहाने भरून काढावी लागते. शिवाय साहेब गेलेला नसतोच. तो आता अल्गोरिदम झालेला असतो. रोज रील टाका म्हणतो, गणपतीतही टाका म्हणतो, अप्रेझलला तोंडदेखलं 'वेल डन'सुद्धा म्हणत नाही.

या सगळ्यांचे मूळपुरुष अर्थातच दादासाहेब फाळके. १९०३मध्ये सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले, ती सरकारी नोकरी सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, भागीदारांशी बिनसलं, तोही सोडला. मग मुंबईत ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला आणि वेड लागलं. भांडवल म्हणून आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकली. विम्याच्या पॉलिसीचा इतका बेजबाबदार उपयोग मराठी मध्यमवर्गात नंतर कुणी केला नसावा. १९१२मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला, आणि पैसेवाल्यांना पटवण्यासाठी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ थोडी थोडी चित्रित केली. भारतीय सिनेमाचा पहिला पायलट एपिसोड म्हणजे हा वाटाणा. सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोकं पाडत होत्या आणि सगळ्या चमूचा स्वयंपाकही करत होत्या. त्यांच्याकडे पाहत बसायला दादासाहेबांना खरोखरच वेळ नव्हता. त्यांच्या तासांची बेरीज मात्र कुठल्या अध्यक्षांनी केलेली नाही.

पहिल्या चित्रपटात, 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके मिळाले. तिथे त्यांना महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ देऊ केले. सर्जनशील क्षेत्रात जाताना पन्नास टक्के पगारवाढ मिळाल्याचं हे उदाहरण आज हिंजवडीत कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास बसणार नाही. गंमत पुढेच आहे. सिनेमात काम करणं तेव्हा इतकं कमीपणाचं होतं की फाळक्यांनी आपल्या माणसांना पढवून ठेवलं होतं: कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत म्हणून सांगा. आज कारखान्यात बसलेला माणूस आपण आतून कलावंत आहोत असं सांगत फिरतो. तेव्हा कलावंताला अब्रू राखायला कारखाना लागत होता.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि चालला. चालल्यावर गुंतवणूकदार आले. १९१८मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, आणि छापखान्यात झालं होतं तेच इथेही झालं: पैशांवरून आणि कारभारावरून भागीदारांशी खटके. दादासाहेबांनी स्वतःच्याच कंपनीचा राजीनामा दिला आणि कुटुंबासह काशीला निघून गेले. नोकरी सोडून सिनेमा केलेल्या माणसाने सिनेमा सोडून तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. काही काळाने ते परत आले, त्याच कंपनीत, पगारावर.