दळण कुणाचं?

गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी. तिच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, ही कथा परभणी जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. कीर्तनात तो प्रसंग आला की पुढच्या रांगेतले उपरणं डोळ्यांना लावतात. रडण्यात खोट नाही. पण जो तो स्वतःला जनाबाईच्या जागी बसवतो, फार तर विठ्ठलाच्या. पीठ ज्यांच्या भाकरीचं, त्यांची जागा ७०० वर्षं रिकामी. घरातलं कुणी उठलं नाही म्हणून देवाला यावं लागलं, हे बुवाही सांगत नाहीत. बिदागी पुढच्या रांगेतूनच येते. घरी भांडीवाल्या मावशींचा कान तुटलेला कप मोरीवरच्या फळीवर, वेगळा. ‘जातीचं काही नाही हो,’ वहिनी म्हणतात, ‘त्यांनाच तो आवडतो.’