आधी आईबापांनी वाचा

जून आला की घरीच शिकवणारे पालक वर्षाच्या वाचनाचा तक्ता करायला बसतात. सांगलीजवळच्या माधवनगरातल्या एका घरात असा तक्ता भिंतीवर पाहिला. मुलगा दहा वर्षांचा. बावन्न आठवडे, बावन्न पुस्तकं. प्रत्येकापुढे पानांची संख्या, खूण करायला चौकोन आणि शेवटच्या रकान्यात 'सारांश, दहा ओळी'. बहुतेक पुस्तकं इंग्रजी, कुठल्या तरी परदेशी यादीतून जशीच्या तशी उतरवलेली. मराठी चार. सांगली जिल्ह्यातलं एकही नाही.

शाळेच्या अभ्यासक्रमात मूल गुदमरतं म्हणून त्याला घरी ठेवलं आणि घरात त्याहून जाड अभ्यासक्रम आणला! मग शाळेनं काय घोडं मारलं होतं?

सक्तीला माझा विरोध नाही. काही पुस्तकं मुलांकडून वाचून घेतलीच पाहिजेत. सगळं त्यांच्या आवडीवर सोडलं, तर आजकाल ती आवड मोबाइल ठरवतो. पण वर्षाला पाच-सहा पुस्तकांची सक्ती पुष्कळ झाली, आणि ती आधी आईबापांवर हवी. जे पुस्तक तुम्ही स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही, ते मुलाच्या यादीत घालू नका. 'मला वेळ कुठे मिळतो' म्हणणाऱ्या बापाचं मूल वाचत नाही, यात नवल काय?

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली प्रकरणं म्हणजे रात्री आहेत: रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. पावसाळ्यात जेवणं उरकली की रोज एक रात्र मोठ्यानं वाचा. एक दिवस आईनं, एक दिवस बाबांनी, एक दिवस मुलानं. गणपतीच्या आत पुस्तक होतं. सारांश कुणी मागू नये. ज्या मुलाचा गळा दाटून आला, त्याच्यापुढे वही सरकवणं हा दुष्टपणा आहे.

उन्हाळ्यासाठी माझा आग्रह एकाच पुस्तकाचा, व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा. १९५५ साली आलेली ही कादंबरी आपल्या आटपाडीकडच्या माणदेशातली. कोवळ्या वयाचा एक मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा आहे, पोरं नाहीत, पोरं मेंढरांमागे. हा मास्तर आधी माणसं समजून घेतो, मग पोरं येतात. पुढे वाडी त्याच्याबरोबर तालीम बांधते, आणि दुष्काळ पडला की तीच वाडी जगायला बाहेर पडते, शाळा ओस पडते. शाळा कशासाठी असते, ती कशानं भरते आणि कशानं रिकामी होते, हे घरी शिकणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगलं कोण सांगणार? शिकवणाऱ्या आईबापांना तर त्याहून जास्त.

पुस्तक संपलं की मुलाला एसटीत बसवून आटपाडीला न्या. माडगूळकरांचं माडगूळ त्याच तालुक्यात. तिथे आता डाळिंबाच्या बागा दिसतील, ऊसही दिसेल. मुलगा विचारील, 'पुस्तकात तर पाणी नव्हतं?' तेव्हा त्याला टेंभू योजना सांगा: कराडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं इतक्या लांब कसं चढवलं ते. सांगलीच्या घाटावर तो जी नदी बघतो तिचंच हे पाणी. भूगोल, विज्ञान आणि मराठी एका फेरीत होतं. त्या दिवशीच्या तक्त्यात दुसरं काही लिहू नका.

बाकीचे आठवडे मोकळे ठेवा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यातलं काय वाचायचं ते मुलाला ठरवू द्या. सांगली नगर वाचनालय १८६९ चं. २०१९ च्या महापुरात तिथली पुस्तकं भिजून लगदा झाली, तरी संस्था उभी राहिली. माधवनगरहून सांगली किती लांब? मुलाच्या स्वतःच्या नावाची वर्गणी भरा आणि कपाटापुढे त्याला एकटं सोडा. आणि दहावीच्या धास्तीनं दहाव्या वर्षापासून झोप उडवून घेऊ नका. बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. परीक्षेची वाट पुढे सापडते. वाचनाची गोडी एकदा मोडली की परत लावणं फार कठीण.

मूल तेरा-चौदाचं झालं की यादीत 'फकिरा' आलाच पाहिजे. ही कादंबरी लिहिणारे अण्णा भाऊ साठे आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. शाळेत दीड दिवस टिकले, आणि पुढे मुंबईत दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरओळख पक्की केली, असं सांगतात. घरशाळेच्या गप्पांत काही जण हे उदाहरण मोठ्या हौसेनं देतात. त्यांना मला बजावायचंय: अण्णा भाऊंनी शाळा निवडून सोडली नव्हती, जातीनं आणि गरिबीनं ती हिसकावून घेतली होती. तुमच्या मुलाला घरी शिकवायला आई आहे, पुस्तकांना पैसे आहेत. हा फरक मुलाला स्पष्ट सांगा, मगच 'फकिरा' हातात द्या. पुस्तक मोठ्यांचं आहे म्हणून लांबवू नका. उपाशी वस्तीसाठी फकिरा धान्य लुटतो, ते बरोबर की चूक, असा प्रश्न जेवताना निघेल. 'चोरी ती चोरीच' म्हणून बाबांनी तो मिटवू नये. मुलाला बोलू द्या, आजीलाही बोलू द्या, आवाज चढले तर चढू द्यात.