तळमजल्यावरचं निग्रहस्थान

वादात प्रत्युत्तर कसं द्यावं हे शिकायचं असेल, तर वक्तृत्वाच्या शिबिराला पैसे घालू नका. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन बसा. ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यावीच लागते, वर समोसा फुकट.

न्यायसूत्रांत गौतमाने वादात हरण्याच्या २२ जागा सांगितल्यात. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. ती यादी वाचून माझी खात्री पटली की गौतम मुनी कुठल्या तरी सोसायटीचे सेक्रेटरी असणार. यातला ‘विक्षेप’ म्हणजे अंगाशी आलं की काम काढून सटकणं. आमच्याकडे त्या वेळी गॅसवर दूध असतं. ‘मतानुज्ञा’ म्हणजे आपल्यावरचा दोष न खोडता तोच समोरच्यावर टाकणं. “माझी गाडी गेटसमोर असते? आणि जिन्यातल्या तुमच्या कुंड्या?” झालं! गाडी गेटसमोर असते, हे आपणच कबूल करून बसलो. उत्तर न सुचणं हेही एक निग्रहस्थान आहे, पण ते आम्हाला लागू नाही. उत्तर सुचलं नाही म्हणून गप्प बसलेला सभासद अजून कोणी पाहिलेला नाही.

खरी गंमत ‘अननुभाषणा’त आहे. समोरच्याने मुद्दा तीनदा सांगितला, सभेला तो कळलाही, तरी ज्याला तो परत म्हणून दाखवता येत नाही, तो हरला.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “लिफ्ट दुरुस्त करा, पण तीन कोटेशनं मागवून.”

तळमजल्यावरचे काका उसळले. “म्हणजे म्हाताऱ्यांनी जिने चढायचे?”

वहिनींनी पुन्हा सांगितलं.

“म्हणजे तुम्हाला लिफ्ट नकोच आहे, असं स्पष्ट म्हणा ना!” टाळ्या. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा काकांनी ज्येष्ठांचा अपमान सहन करणार नसल्याचं जाहीर केलं. पुन्हा टाळ्या.

मग बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा उठले. “वहिनी, दुरुस्ती हवी, पण तीन कोटेशनं घेऊन. असंच ना?”

“हो.”

“पैशाची काळजी रास्तच आहे. पण कंपनीशी आपला देखभालीचा करार चालू आहे. बाहेरच्या माणसाने हात लावला तर तो रद्द होतो. पान दुसरं, कलम सात.”

वहिनींनी फाइल मागून घेतली, चष्मा लावून कलम वाचलं आणि म्हणाल्या, “मग राहू देत कोटेशनं.” टाळी एकही नाही.

आजोबांनी आवाज चढवला नाही, कुंड्या काढल्या नाहीत. आधी वहिनींकडून ‘हो’ घेतलं, मग ज्या एका मुद्द्यावर सगळं उभं होतं तेवढाच काढला. टीव्हीवर आठ खिडक्यांतून आठ जण एकदम बोलतात, तिथे हे जमायचं नाही. त्यासाठी गौतमाकडेही सूत्र नाही.

सभेच्या इतिवृत्तात नोंद अशी आहे: ‘तळमजल्यावरील सभासदांच्या प्रभावी भाषणानंतर लिफ्टचा ठराव सर्वानुमते मंजूर.’